म्हैसूरची वठलेली झाडे

म्हैसूरला जाऊन आलेल्या माणसाला घरची मंडळी काय विचारणार, हे ठरलेलेच असते. राजवाड्यावरची रोषणाई पाहिलीस का, चामुंडीच्या पायऱ्या चढलीस का, नंदी केवढा आहे, वृंदावन उद्यानातील कारंजी अजून तशीच नाचतात का, आणि म्हैसूरपाक आणलास की नाही! यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी समाधानकारक देऊ शकले. बाकीच्या प्रश्नांपुढे मात्र मला थोडे ओशाळेच व्हावे लागले. कारण त्या मुक्कामात मी जे डोळे भरून पाहिले, ते प्रवाशांसाठी छापलेल्या कोणत्याही पुस्तिकेत नाही. मी पाहिले ते एक वठलेले झाड, आणि त्याच्या मागोमाग आणखी कित्येक.

मला तेथे नेले ते नोकरीच्या कामाने. भारतीय भाषांच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारने १९६९ साली स्थापन केलेले भाषा संस्थान म्हैसुरात, विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसरात आहे. (मानसगंगोत्री हे देखणे नाव कुवेंपूंनी दिलेले. कवी कुलगुरू झाला म्हणजे विद्यापीठाचा असाही लाभ होतो.) तेथे फाल्गुनात शास्त्रीय लेखनाच्या अनुवादाचा एक वर्ग होता आणि निरनिराळ्या भाषांचे आम्ही वीसेक अनुवादक एका लांबलचक टेबलाभोवती बसून शब्दांशी झुंजत होतो. दुसऱ्या दिवशी वनविद्येवरील एका उताऱ्यात 'स्नॅग' हा इंग्रजी शब्द आला. उभ्यानेच मेलेले, पण अद्याप न पडलेले झाड, एवढा सगळा अर्थ त्या इवल्याशा शब्दात आहे. कन्नड मंडळींनी 'ओणगिद मर' असे सुचविले. म्हणजे वाळलेले झाड. माझी पाळी आली तेव्हा मी फारसा विचार न करता 'वठलेले झाड' असे सांगितले आणि सांगता सांगताच थबकले. मराठीत झाड मरत नाही, ते वठते. आणि गंमत अशी, की रंगभूमीवर एखाद्या नटाची भूमिका उत्तम उतरली, म्हणजे तीही 'वठली' असेच आपण म्हणतो. एकाच क्रियापदाला हे दोन अर्थ कसे चिकटले, ते व्युत्पत्तिकार जाणोत.

माझे थबकणे केवळ भाषेपायी नव्हते. म्हैसूरला निघण्याच्या आदल्या रात्री दादाचा फोन आला होता. वाईजवळच्या आमच्या गावी परसात आजोबांनी लावलेला एक रायवळ आंबा आहे. दोन वर्षांपूर्वी त्याचा शेंडा वाळला, मग एकेक फांदी गेली आणि यंदा मोहोर तर राहोच, साधी पालवीसुद्धा फुटली नाही. लाकडाचा व्यापारी येऊन बुंध्याला दोरी लावून गेला होता. घर सामायिक, म्हणून दादाने माझा होकार विचारला. "आल्यावर सांगते," म्हणून मी तो प्रश्न पुढे ढकलला होता.

आमच्या वर्गाला शास्त्रीय बाजू समजावून देण्यासाठी प्राणिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक येत असत. सत्तरीचे, कृश, पायांत कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात जुनी दुर्बीण. सर्व जण त्यांना नुसते 'सर' म्हणत. चहाच्या सुट्टीत ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "नोडम्मा, उद्या पहाटे सहाला तलावावर या. तुमचा शब्द तुम्हाला दाखवितो." 'नोडम्मा' म्हणजे 'हे बघ बाई'. पण त्या 'अम्मा'त जी माया असते, ती आपल्या 'बाई'त उतरत नाही. येथे अनुवादकाने हात टेकावेत.

तलाव म्हणजे कुक्करहळ्ळीचा. मुम्मडी कृष्णराज वडेयरांच्या कारकिर्दीत १८६४ साली तो बांधला गेला. आज तो विद्यापीठाच्या ताब्यात आहे आणि त्याच्या काठाकाठाने पाचेक किलोमीटरांची पायवाट आहे. कुवेंपू ह्याच काठाने फिरायला जात. मी पोहोचले तेव्हा पाण्यावर धुक्याचा पातळ पदर होता आणि झोळीवाले पक्षी संथपणे, जड होड्यांसारखे तरंगत होते. फिरायला आलेल्यांची वर्दळ सुरू झाली होती. सरांनी मला पाण्याकडे पाहू दिले नाही. वाटेपासून जरा आत, करंजांच्या मागे, एक जुना वर्षावृक्ष उभा होता. त्याच्यापुढे त्यांनी मला नेऊन उभे केले.

झाड केव्हाच वठले होते. पान नाही, डहाळी नाही; वरच्या दोन्ही मोठ्या फांद्या मोडून पडलेल्या, साल जागोजागी सुटलेली आणि बुंध्यावर भुईछत्रांचे कठीण, तपकिरी सज्जे निघालेले. एखाद्या जळक्या वाड्याचा उरलेला खांब असावा, तसे ते दिसत होते. शेजारून जाणाऱ्या एका गृहस्थांनी आम्हाला तिकडे टक लावून पाहताना पाहिले आणि जाता जाता सरांना सांगितले, की हे एकदा काढून टाकायला हवे, फार ओंगळ दिसते. सरांनी नम्रपणे मान डोलावली आणि मला खाली बसण्याची खूण केली.

पुढचा पाऊण तास आम्ही तेथे बसलो होतो. प्रथम आला तो सोनपाठी सुतार. शेपटीचा टेकू देऊन बुंध्यावर सरळ उभा राहिला आणि सालीवर ठोके देत देत गोल जिना चढावा तसा वर गेला. कन्नडमध्ये त्याला 'मरकुटिग' म्हणतात, म्हणजे झाड कुटणारा. आपण त्याला सुतार म्हणून त्याच्या धंद्याचा मान राखला, असे मला उगीचच वाटले. मोडक्या फांदीच्या थुटक्यात एक वाटोळे, घोटीव भोक होते. त्यातून एक जाड चोचीचे डोके बाहेर आले, चोचभर भुसा बाहेर टाकून पुन्हा आत गेले. तो कुटुर्गा. त्याला तिकडे 'कुट्रु' म्हणतात. पक्ष्याने आपले नाव दोन्ही भाषांना स्वतःच शिकविले आहे. त्याच्याखाली हातभर अंतरावर जुन्या, रुंद केलेल्या भोकात पोपटांचे जोडपे घर थाटून होते, आणि त्यांच्याशी एका साळुंकीचा कडाक्याचा तंटा चालला होता. सुटलेल्या सालीखालून एक पाल डोकावून गेली. मुळाशी वाळवीने मातीचे बोगदे उभारले होते. अगदी शेवटी, ऊन बुंध्याच्या मध्यावर आले तेव्हा एका काळ्या पोकळीच्या तोंडाशी दोन पिवळे, वाटोळे डोळे उघडले आणि अतिशय नाराजीने आमच्याकडे पाहू लागले. मी म्हणाले, "पिंगळा!" सर म्हणाले, "हालक्की."

त्या दिवशी सरांनी जे समजावून दिले, ते थोडक्यात असे. झाडाचा जीव त्याच्या गाभ्यात नसतो. तो सालीखालच्या कोवळ्या थरात असतो. म्हणून आतला गाभा कुजून पोकळ झाला तरी झाड कित्येक वर्षे पाने-फुले देत उभे राहू शकते, आणि सालीखालचा थर गेला की गाभा कितीही भक्कम असो, झाड जाते. एखादी फांदी मोडते, तेथे पाणी मुरते आणि बुरशीचा धागा आत शिरतो. लाकूड हळूहळू भुसभुशीत होऊ लागते. सुतार पक्षी आणि कुटुर्गे, तांबट यांना नेमके असेच लाकूड लागते: चोचीला वश होईल इतके मऊ, पण पिले वाढेपर्यंत ढासळणार नाही इतके टणक. जिवंत, निरोगी खोडात कुटुर्ग्याच्या चोचीचे काही चालत नाही. हे पक्षी बहुधा दर वर्षी नवी ढोली कोरतात. मग त्यांनी सोडलेल्या जुन्या ढोल्यांवर बाकीच्यांचा संसार चालतो. पोपट, साळुंकी, दयाळ, हुदहुद, पिंगळा, वटवाघळे, खारी, सातेरी मधमाश्या, ह्यांपैकी कोणालाही टणक खोडात स्वतःचे घर कोरता येत नाही. सगळे भाडेकरू, आणि बांधकाम करणारे कारागीर दोन-चारच. त्या कारागिरांना लागणारा माल म्हणजे वठलेले लाकूड. ते नाहीसे झाले, की रस्त्याच्या दुतर्फा हिरवीगार झाडे असूनही ढोलीत राहणाऱ्यांना घर मिळत नाही.

"आणि सुतारच झाड मारतो, असे लोक म्हणतात ते?" मी विचारले.

"वैद्य घरातून बाहेर पडला आणि रोगी दगावला, म्हणून वैद्यानेच मारले म्हणण्यासारखे आहे ते," सर म्हणाले. "तो अळ्या खायला येतो. अळ्या आल्या, कारण लाकूड आधीच खचलेले होते."

हालक्कीवरून आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती मी येथे सांगितल्यावाचून राहू शकत नाही. कर्नाटकात पहाटेच्या वेळी एक छोटे डमरूसारखे वाद्य वाजवीत भविष्य सांगणारे 'बुडबुडके' येत असत. हालक्कीची भाषा आपल्याला कळते, ती जे बोलली तेच आपण सांगतो, अशी त्यांची बतावणी. हे ऐकताच मला आमच्या गावचा, भल्या पहाटे कंदील घेऊन दारात उभा राहणारा पिंगळा आठवला. त्याचे तर नावच त्या पक्ष्याचे. हे साम्य काही योगायोगाचे नाही. १८९१च्या म्हैसूर संस्थानाच्या खानेसुमारीच्या अहवालात ह्या बुडबुडक्यांचे वर्णन मराठी मुलखातून आलेले भटके ज्योतिषी असेच केलेले आहे. म्हणजे कोणे एके काळी आपल्या पिंगळ्याने कृष्णा ओलांडली, कावेरी गाठली आणि तेथल्या वठलेल्या झाडांतून त्याला तोच पक्षी त्याच भाषेत बोलताना ऐकू आला! सरांच्या आई बुडबुडक्याला सुपातून तांदूळ घालीत. आमची आजी जोंधळे घाली. दोघींनाही घुबडाची जात दारात नको होती, पण तिने सांगितलेले भविष्य मात्र ऐकायचे होते.

इतके सांगून सर गप्प झाले असते तर हा लेख पक्षिवर्णनावरच संपला असता. पण उठताना त्यांनी बुंध्याला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "हे झाड वाटेपासून आत आहे म्हणून वाचले. हेच रस्त्यावर असते तर मीच म्हणालो असतो, कापा."

म्हैसूरचे रस्ते त्यांच्या सावल्यांसाठी नावाजलेले आहेत. शहराची रचना आखीव. १९०३ साली येथे नगरसुधार मंडळ स्थापन झाले आणि पुढे रुंद रस्ते व झाडांच्या ओळी ही ह्या गावाची खूणच झाली. परंतु एकाच वेळी लावलेली झाडे एकाच वेळी म्हातारीही होतात. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस वाऱ्यासह कोसळतो, तेव्हा प्रथम मोडतात त्या वाळलेल्या फांद्या आणि त्यांच्याखाली कोणाची रिक्षा असते, कोणाचे मूल असते. हे दुःख खरे आहे. पोपटाच्या पिलांचे नाव घेऊन ते झटकून टाकता येत नाही. दुसरीकडे, एप्रिल २०२५मध्ये रस्तारुंदीसाठी हैदर अली मार्गावरील सुमारे चाळीस झाडे तोडली गेली, तेव्हा म्हैसूरचे नागरिक त्या झाडांसाठी रस्त्यावर आले होते. हिरव्या झाडासाठी माणसे जमतात. वठलेल्या झाडासाठी कोणी जमत नाही, कारण ते तोडले तर काही गेले असे कोणाला वाटतच नाही.

कायद्यालाही तसे वाटत नाही. कर्नाटकाचा वृक्षसंरक्षणाचा कायदा १९७६चा. झाड तोडायचे तर वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते; पण झाड मेलेले, रोगट किंवा वाऱ्याने पडलेले असेल तर ती परवानगी नाकारू नये, असे त्याच कायद्यात आहे. माणसांच्या वस्तीत हे समजण्यासारखे आहे. खटकते ते एवढेच, की परवानगी म्हणजे मुळापासून तोड, असा सगळ्यांनी अर्थ घेतला. झाड किती उंच आहे, पडले तर कोठवर पोहोचेल, त्या टप्प्यात रस्ता, घर, शाळा, बाक काही आहे का, हे पाहून जेवढे धोक्याचे तेवढेच उतरवावे आणि बाकीचा बुंधा उभा ठेवावा, हा मधला मार्ग कोणी विचारातच घेत नाही. स्वीडनमध्ये जंगलतोड करताना काही झाडे मुद्दाम तीन ते पाच मीटर उंचीवर कापून त्यांचे उंच खुंट सोडून देतात, ते पाखरांसाठी आणि लाकडात वाढणाऱ्या भुंगेऱ्यांसाठी. बिनफांद्यांचा असा खुंट वाऱ्याला दाद देत नाही आणि वर्षानुवर्षे उभा राहतो.

हे लिहिताना माझ्या मनात एक शल्य आहे, तेही सांगून टाकते. काही वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीतला एक गुलमोहर वठला. तो तोडावा अशा अर्जावर पहिली सही माझी होती. झाड कापले गेले ते नेमके फेब्रुवारीत. फांदी खाली आली तेव्हा तिच्या ढोलीतून पोपटाची तीन पिले बाहेर पडली, अजून पिसेही न फुटलेली. मुलांनी ती खोक्यात कापसावर ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिन्ही गेली. अर्जात चूक काही नव्हती; फांदी खरोखरच मुलांच्या घसरगुंडीवर झुकली होती. चूक होती ती महिन्याची. पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या सुमारास कापले असते तर ढोली रिकामी असती, आणि घसरगुंडी तर चार हात सरकविताही आली असती.

रविवारी वर्गाला सुट्टी होती. सरांच्या ओळखीच्या एका कुटुंबाबरोबर आम्ही काबिनीच्या जलाशयावर गेलो. म्हैसूरहून हेग्गडदेवनकोटेमार्गे साधारण सत्तर किलोमीटर. वाटेत कापसाची, नाचणीची रिकामी झालेली शेते, मधूनच चिंचांची रांग, आणि मग एकाएकी समोर पाण्याचा पसारा. १९७४ साली येथे काबिनी नदीवर धरण पुरे झाले. त्यापूर्वी ह्या जागी काकनकोटेचे जंगल होते. हत्तींचे कळप घेरून नदीत उतरवायचे आणि खोड्यात कोंडायचे, ती संस्थानच्या काळातली प्रसिद्ध 'खेडा' मोहीम येथे होत असे. शेवटची १९७१ साली झाली. धरणाने जंगल बुडाले, गावे उठली, मध गोळा करणाऱ्या जेनु कुरुबांच्या वस्त्या हलल्या. हत्ती मात्र उन्हाळ्यात पाणी ओसरले, की तळावर उगवणाऱ्या हिरव्या गवतासाठी आजही शेकड्यांनी येतात.

आणि झाडे? ती तेथेच उभी आहेत. बोट वळणावरून आत गेली आणि मी क्षणभर श्वास घ्यायची विसरले. नजर पोहोचेल तेथवर पाण्यातून वर आलेले काळे-करडे बुंधे, कोणी सरळ, कोणी हात वर केल्यासारखे. अर्ध्या शतकापूर्वी उभ्या उभ्या बुडालेले जंगल. पाण्याखाली हवा पोहोचत नाही, म्हणून तेथले लाकूड सहसा कुजत नाही. झिजते ते जेथे पाणी चढते आणि उतरते, त्या रेषेवर. म्हणून कित्येक बुंधे मध्येच बारीक होऊन कमरेत दाबल्यासारखे दिसतात. दृश्य उदास खरे, पण निर्जीव मुळीच नव्हे. एका बुंध्यावर पाणकावळे पंख पसरून वाळवीत बसले होते. दुसऱ्यावर तिरंदाज, सापासारखी मान वळवून. एका उंच टोकावर थंडीत उत्तरेकडून आलेला आणि अद्याप परत न गेलेला कैकर पंज्यात मासा धरून बसला होता. आमची बोट अगदी खालून गेली तरी त्याने जेवण सोडले नाही. जिवंत झाडाच्या पानांआडून त्याला पाणी असे स्वच्छ दिसले नसते. माणसाने एक अरण्य बुडविले आणि त्याचे सांगाडे तसेच सोडले, ते काही पक्ष्यांच्या प्रेमाने नव्हे. बुडालेले लाकूड बाहेर काढणे हे अवघड आणि आतबट्ट्याचे काम. पण आपण विसरून सोडलेली वस्तू दुसऱ्याच्या किती उपयोगी पडते, ते तेथे दिसते.

जलाशयाच्या दोन बाजूंना नागरहोळे आणि बंडीपूर ही दोन संरक्षित वने आहेत. तेथे वठलेल्या झाडाला शहराच्या अगदी उलटा कायदा लागू आहे. १४ फेब्रुवारी २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात आदेश दिला, की राष्ट्रीय उद्यानांतून आणि अभयारण्यांतून मेलेली, मरणासन्न, रोगट किंवा वाऱ्याने पडलेली झाडे बाहेर काढता कामा नयेत. वाहून आलेले लाकूड आणि गवतसुद्धा नाही. तोवर 'वाळलेले लाकूड काढणे' हा वनखात्याच्या कामाचा एक सरळ, निरुपद्रवी भाग समजला जाई आणि त्या नावाखाली पुष्कळदा भलतेही काही बाहेर जाई. एकाच म्हैसूर शहरातून निघून दीड-दोन तासांत मी अशा ठिकाणी आले होते, जेथे मेलेल्या झाडाला हात लावणे गुन्हा होता.

ह्या आदेशाची किंमत कोण भरते, हेही पाहिले पाहिजे. जंगलाच्या कडेच्या गावांत चुलीसाठी वाळकी फांदी आणणारी बाई काही आरा घेऊन जात नाही. मी गॅसवर चहा करून मग सुताराच्या घराची काळजी वाहते. तिला ती चैन नाही. तिच्या घरी सिलिंडर पोहोचला आणि तो पुन्हा भरून घेण्याइतके पैसे तिच्या हाती राहिले, तर जंगलातले लाकूड जंगलात राहील. केवळ पाटी लावून राहणार नाही. शिवाय आगीची भीती आहेच. फेब्रुवारी २०१९मध्ये बंडीपुरात मोठा वणवा लागला होता. पोकळ वठलेले झाड पेटले म्हणजे धुराड्यासारखे जळते आणि ठिणग्या दूरवर फेकते. तेव्हा अग्निरेषेच्या अगदी काठावरची अशी झाडे आडवी करून तेथल्या तेथे पडू द्यावीत, हे म्हणणे मला रास्त वाटते. आडवे झाले म्हणजे ते वाया गेले असेही नाही. पडलेल्या ओंडक्यातील वाळवी आणि अळ्या उकरायला अस्वल येते, त्याच्या ओलसर पोटात बेडूक आणि विंचू राहतात, आणि शेवटी त्याचीच माती होऊन तीवर नवे रोप रुजते.

परतताना जंगलाच्या कडेला सरांनी गाडी थांबविली. एका प्रचंड, अजून हिरव्या असलेल्या झाडाच्या खोडावर, खूप उंच, एक उभी चीर दिसत होती. थोड्या वेळाने मलबारी राखी धनेश नर उडत आला, चिरेशी लटकला आणि गळ्यातून एकामागून एक फळे काढून आत देऊ लागला. आत मादी होती. धनेशाची मादी ढोलीत शिरून तिचे तोंड स्वतःच लिंपून घेते आणि पिले वाढेपर्यंत जवळजवळ तीन महिने आत कोंडून राहते, हे मी वाचले होते, पाहिले प्रथमच. धनेशाला ढोली कोरता येत नाही. गाभा कुजलेले, म्हणजे वनविद्येच्या जुन्या हिशेबाने 'वय उलटून गेलेले', काढून टाकण्याच्या लायकीचे झाडच त्याला हवे असते. एकाच वयाच्या सागाच्या लागवडीत मैलभर फिरले तरी अशी ढोली मिळायची नाही. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन ही १९९६ साली स्थापन झालेली संस्था म्हैसूरचीच. तिने दूर अरुणाचलातील पक्के येथे न्यिशी जमातीच्या लोकांना बरोबर घेऊन धनेशाच्या ढोल्यांची राखण सुरू केली आहे. ज्यांच्या टोपीवर पूर्वी धनेशाची चोच मिरवत असे, त्यांच्यातलेच काही जण आज त्या झाडांखाली पहारा करतात आणि त्यांचा पगार देशभरच्या लोकांनी दिलेल्या वर्गणीतून निघतो.

त्या रात्री संस्थानाच्या अतिथिगृहातून मी दादाला फोन केला.

"दादा, आंबा मुळापासून तोडू नकोस. गोठ्यावर झुकलेली फांदी उतरव, घराच्या अंगाची उतरव. बुंधा राहू दे, दोन पुरुष उंच. आणि मागच्या बाजूच्या फांदीचा तीन-चार हात थुटका ठेव."

"दारात वठलेले झाड? लोक काय म्हणतील?"

"दारात नाही, परसात."

दादा बराच वेळ काही बोलला नाही. व्यापाऱ्याने बुंध्यासाठीच पैसे बोलले होते, फांद्यांसाठी नव्हे. आणि ती रक्कम गोठ्याच्या पत्र्यांसाठी धरलेली होती. शेवटी पत्र्यांचे अर्धे पैसे मी द्यावेत, असे ठरले. व्यापारी रागावला तो रागावलाच. तोडीची परवानगी निघाली, पण फांद्या पावसाळ्यानंतरच उतरवायच्या, एवढे मी कबूल करून घेतले.

ह्या गोष्टीला दोन वर्षे होत आली. पहिल्या वर्षी बुंध्यावर मुंग्यांशिवाय कोणी फिरकले नाही, आणि दादाने ते मला दर फोनला ऐकविले. गेल्या माघात गेले तेव्हा थुटक्याच्या खालच्या अंगाला रुपयाएवढे एक नवे भोक होते आणि खाली भुशाचा चिमूटभर ढीग. दुपारभर तांबटाचे ठोके ऐकू येत होते. वहिनींनी मात्र त्याच खोडाला धुण्याची दोरी बांधली आहे, आणि ती सोडायला त्या काही केल्या तयार नाहीत.